आडात नाही, पोहऱ्यात कुठून येणार?

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटले की ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत एक ठरावीक धांदल उडते. सातव्या निकषात दिव्यांगस्नेही सुविधांची यादी आहे: रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, दिशादर्शक फलक, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर), लेखनिक, वाचनसाहित्याच्या सॉफ्ट कॉपी. मग ग्रंथालयाच्या कोपऱ्यात दोन संगणक मांडले जातात, वर ‘दिव्यांग कक्ष’ अशी पाटी लागते, जिओटॅग केलेला फोटो आणि बिल अपलोड होते. समिती जेवून परत गेली की वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, ‘असे विद्यार्थी आहेतच किती? दोन संगणक धूळ खात पडलेत, आणखी खर्च कशाला?’ दुसरी म्हणते, ‘दोन संगणकांनी काय होणार? सुसज्ज लॅब द्या, ब्रेल प्रिंटर द्या.’ दोघांची जुंपते खरी, पण दोघेही बोलत असतात यंत्रांबद्दलच. त्या संगणकावर उघडायचे काय, हे कुणीच विचारत नाही.

दिव्यांग विद्यार्थ्याचे आज अडते ते साधनांपेक्षा साहित्यापाशी. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६ मध्ये सुरू झाला आणि तो तेव्हापासून मोफत आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा तसाच स्क्रीन रीडर आधीपासूनच असतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी-नेरूळला जाणारा अंध विद्यार्थी वाचनाचे यंत्र खिशात घेऊनच फिरतो. त्याच्याकडे येणारी फाइल मात्र वाचण्याजोगी नसते. म्हणून माझे म्हणणे असे की पहिला रुपया आणि पहिला तास यंत्राऐवजी फाइलवर खर्च व्हावा. आणि फाइल नीट असण्याची जबाबदारी ती बनवणाऱ्यावर आणि विकत घेणाऱ्यावर असावी. ज्याच्या हातात ती शेवटी पडते, त्याने ती दुरुस्त करत बसू नये.

नोट्स विद्यार्थ्यापर्यंत येतात कशा ते पाहा. कधीकाळी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेला मजकूर, त्याचा प्रिंट, प्रिंटची झेरॉक्स, कॉलेजबाहेरच्या दुकानात मिळणारा स्पायरल बाइंडिंगचा ‘सेट’, त्या सेटचे मोबाइलवर काढलेले फोटो, त्या फोटोंची पीडीएफ, आणि ती वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. डोळस विद्यार्थ्याला अक्षर जरा अंधूक दिसते, एखादे पान तिरके असते, पण त्याचे भागते. स्क्रीन रीडरच्या लेखी ती सगळी कोरी पाने. फोटोत अक्षरे नसतात, काळे-पांढरे ठिपके असतात. जे आडातच नाही ते लाखभराच्या पोहऱ्यातूनही वर येत नाही, आणि कक्षातले संगणक धूळ खात पडतात याचे मुख्य कारण हेच आहे.

मराठीत तर आणखी एक मेख आहे, आणि इंग्रजी डोळ्यापुढे ठेवून लिहिलेल्या मार्गदर्शिकांत ती सापडत नाही. पीडीएफ उघडा आणि कंट्रोल-एफ दाबून समोर दिसणारा एखादा मराठी शब्द शोधा. सापडला नाही, तर एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडताच येत नसेल तर ते स्कॅन आहे. निवडता आली, पण नोटपॅडमध्ये अगम्य रोमन अक्षरे उमटली, तर मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला, युनिकोडपूर्व आहे, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना एकच ठरलेली ओळख देणारी युनिकोड पद्धत रूढ होण्याआधीच्या धाटणीचा. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो. पडद्यावर फक्त त्यांचा चेहरा देवनागरी असतो. स्क्रीन रीडर चेहरा पाहत नाही, आतले अक्षर वाचतो, आणि विद्यार्थ्याच्या कानावर कुठल्याच भाषेत नसलेले शब्द आदळत राहतात. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. मजकूर युनिकोडमध्ये, चिकटवल्यावर देवनागरीच दिसते, पण पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागलेली, जोडाक्षरे फुटलेली, रफार गायब. पीडीएफ तयार होताना जोडाक्षरांच्या आकारांशी मूळ अक्षरांची सांगड नीट घातली गेली नाही की असे होते.

तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांचा खर्चही वेगळा. जुन्या फॉन्टचा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतो. नंतर एकदा नजर फिरवून राहिलेली जोडाक्षरे सुधारली की झाले. तिसऱ्या प्रकारात पीडीएफशी झटापट करण्यात अर्थ नाही. मूळ वर्ड फाइल मागवायची आणि तीच विद्यार्थ्याला द्यायची. स्कॅनला मात्र ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारे सॉफ्टवेअर, लागतो. टेसरॅक्टसारखे मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखते. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल टाकून ती डॉक्समध्ये उघडली तरी मजकूर निघतो. पण पान ३०० डीपीआयने, सपाट ठेवून स्कॅन केलेले हवे. पुस्तकाच्या बांधणीची सावली पडलेली असेल, दोन रकाने असतील किंवा झेरॉक्सची झेरॉक्स असेल, तर ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, १ आणि ९ अदलाबदल करतात. इतिहासाच्या पेपरात १८९१ आणि १८११ यांत काय फरक पडतो हे सांगायला नको. हस्तलिखित नोट्सवर तर यातले काहीच धड चालत नाही.

नवी फाइल करताना लागणारी दक्षता त्या मानाने किरकोळ आहे. शीर्षक नुसते ठळक आणि मोठे करण्याऐवजी वर्डमधली ‘हेडिंग’ शैली लावायची, म्हणजे एनव्हीडीए वापरणारा एच कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. नाहीतर चाळीस पानांत ‘प्रकरण ३’ शोधायला पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते. तक्त्यात खाने एकत्र जोडायचे नाहीत आणि पहिली ओळ शीर्षओळ म्हणून नोंदवायची. चित्रावर उजवे बटण दाबून त्याचे वर्णन करणारा पर्यायी मजकूर लिहायचा. मराठी परिच्छेदाला मराठी आणि इंग्रजी परिच्छेदाला इंग्रजी अशी भाषा नेमून द्यायची, म्हणजे दोन्ही आवाज बसवलेल्या संगणकावर तो आपोआप बदलतो. शेवटी पीडीएफ करताना ‘प्रिंट’मधून करायची नाही, ‘सेव्ह ॲज’मधून करायची आणि तिथला दस्तऐवजाच्या रचनेच्या टॅग्जचा पर्याय चालू ठेवायचा, ‘प्रिंट’च्या वाटेने गेलात की आधी केलेले सगळे पुसले जाते. वीस पानांच्या नोट्सना, सवय झाल्यावर, याला जेमतेम पंधरा मिनिटे लागतात.

आता विरोधी मुद्द्यांकडे वळू. त्यातले काही खरोखरच वजनदार आहेत.

पहिला संख्येचा. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२०-२१ साली ४ कोटी १३ लाख विद्यार्थ्यांमध्ये दिव्यांग विद्यार्थी सुमारे ७९ हजार होते, म्हणजे दर हजारी दोन. एखाद्या महाविद्यालयात ते पाच-सहाच असतील, कधी एकही नसेल. हे आकडे खरे आहेत. पण ते सांगतात काय? २०११ च्या जनगणनेत दिव्यांगांचे प्रमाण शेकडा दोनहून अधिक होते आणि २०१६ चा कायदा सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवायला सांगतो. शेकड्याचे हजारी कुठे झाले? नवी मुंबई महापालिकेचे वाशीतले ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांना शिकवते, तयार करते. ती मुले पुढे पदवीच्या वर्गात का दिसत नाहीत, हा प्रश्न ‘आहेतच किती’ म्हणणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हाही उत्तर हेच मिळाले होते: लोकांची मागणी नाही आणि खर्च झेपणार नाही. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. बडोद्यात मात्र सयाजीरावांनी १९०६ मध्येच राज्यभर सक्ती लागू केली होती, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्यांनी आधी मागणीचे अर्ज मोजले नाहीत. जी सोय कधी नव्हतीच, तिची मागणी नोंदवायला रांग लागत नसते. शिवाय या मोजणीत न येणारे अनेक आहेत. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र काढून बारावीपर्यंत सवलत घेतलेला विद्यार्थी पदवीला आला की पुष्कळदा ते कुणाला सांगतच नाही. फाइल वाचता-ऐकता येण्याजोगी असली तर त्याला सांगावेही लागत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा आणि मनुष्यबळाचा, आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. बरेचसे शिकवणे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या खांद्यावर. त्यांना तासाचे पैसे मिळतात, नोट्सचे नाही. सेमिस्टर संपत नाही तोच दुसरे सुरू होते. अशा माणसाला ‘आता फाइलीही सुगम करा’, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा करा, असे परिपत्रक पाठवणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. हे मान्य करूनच हिशेब मांडू. दोनशे पानांचे मराठी पुस्तक ओसीआर करून तपासायचे, तर पानाला सात-आठ मिनिटे धरली तरी पंचवीस तास जातात. तोच मजकूर मुळात युनिकोडमध्ये आणि शीर्षकांसह असता, तर खर्च तास-दोन तासांचा. खर्च सुगमतेचा आहे की दुरुस्तीचा, हे यावरून ठरवा. आणि वेळही नेमकी हीच आहे: नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलले आहेत, त्यामुळे विषयाविषयांच्या नोट्स नाहीतरी नव्याने लिहिल्या जात आहेत. या फेरीत जुन्याच फॉन्टात लिहिले तर पुढची फेरी येईपर्यंत दुरुस्तीच करत बसावे लागेल. तासिका प्राध्यापकाला या कामाचे वेगळे मानधन मिळायला हवे, यात मात्र माझे दुमत नाही.

‘प्रत्येकाची गरज वेगळी, आधी तयारी करणार तरी कशाची?’ असाही आक्षेप येतो. अंधाला आवाज हवा, कर्णबधिराला अक्षर हवे, अल्पदृष्टीला मोठा ठसा आणि ठळक रंगभेद हवा. बरोबर आहे. पण यातच उत्तरही आहे. युनिकोड मजकूर ऐकता येतो, मोठा करता येतो, रंग उलटे करता येतात, ब्रेलमध्ये उतरवता येतो. फोटो यातला एकही वेष धड घेऊ शकत नाही. जे उरते ते माणसागणिक करावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्याच्या निकालात हाच भेद मांडला: सुगमता ही आधीच पार पाडायची जबाबदारी आहे, आणि वाजवी सोय ही त्या-त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे नंतर द्यायची. आपल्याकडे पहिली टाळून सगळा भार दुसरीवर टाकला जातो, आणि मग दुसरी परवडत नाही म्हणून ओरड होते. कर्णबधिर विद्यार्थ्यांचा विचार तर त्याहून मागे पडला आहे. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकाचे ओठ दिसत नाहीत, आणि रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानाखाली बोलणे अक्षरांत उमटत नसेल (कॅप्शन नसतील) तर ते त्यांच्यापुरते झालेलेच नसते.

आता गणित आणि आकृत्या. इथे विरोधकांचा मुद्दा निम्मा खरा आहे. समीकरणे वर्डच्या समीकरण संपादकात किंवा लेटेक या गणिती लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून मॅथएमएलच्या, म्हणजे संगणकाला समीकरणाची रचना कळेल अशा, रूपात दिली, तर एनव्हीडीए मॅथकॅटच्या मदतीने ती क्रमाने वाचतो: अपूर्णांकाची सुरुवात, अंश, छेद, घात. समीकरणाचा फोटो चिकटवला तर ‘चित्र’ एवढाच शब्द ऐकू येतो. इतपत सुटते. आकृतीचे मात्र सहज सुटत नाही. फुगणाऱ्या कागदावर काळ्या शाईत आकृती छापून ती तापवण्याच्या यंत्रातून काढली की रेषा उठून येतात आणि बोटाला कळतात. पण पुस्तकातली हृदयाची आकृती जशीच्या तशी फुगवली, तर बोटाला सगळीकडे रेषाच लागतात आणि काही म्हणजे काही समजत नाही. तिचे तीन-चार पानांत तुकडे करावे लागतात: एका पानावर फक्त चार कप्पे, दुसऱ्यावर झडपा, तिसऱ्यावर रक्ताची दिशा. नावे आकृतीत न कोंबता क्रमांक देऊन वेगळी द्यावी लागतात. याला विषय जाणणारा माणूस आणि बऱ्यापैकी वेळ लागतो, आणि हे काम प्रत्येक प्राध्यापकाने करावे असे मी म्हणणार नाही. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून याच क्षेत्रात काम करते आहे; अशा केंद्राकडून शिकावे, हवे तेव्हा काम करून घ्यावे. पण ‘आकृत्या जमत नाहीत’ म्हणून समाजशास्त्राच्या आणि मराठी साहित्याच्या, निव्वळ मजकुराच्या नोट्सही फोटोतच ठेवायच्या, हे कुठले तर्कशास्त्र?

सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेले उत्तर म्हणजे एआय. ‘फोटो दाखवला की ते वाचून दाखवते, आता तुमच्या युनिकोडची कटकट कशाला?’ ही साधने उपयोगी आहेत, झपाट्याने सुधारत आहेत, आणि स्कॅन केलेल्या इंग्रजी पानावर ती चांगले काम करतात, हे नाकारण्यात हशील नाही. धोका असा की ती चुकतात तेव्हाही तितक्याच ठामपणे बोलतात. अर्थशास्त्राच्या आलेखात मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे उतरतो. वर्णनात तो चढला, तर आलेख न दिसणाऱ्या विद्यार्थ्याने चूक पकडायची कशी? डोळस वाचक मूळ चित्राशी ताडून पाहतो, याच्याकडे ताडायला दुसरे काही नाही. म्हणून पहिला मसुदा खुशाल यंत्राकडून करून घ्या, पण आलेख ज्याने वर्गात शिकवला त्यानेच तो वाचून पक्का करावा. दोन मिनिटांचे काम आहे.

स्वामित्वहक्काची भीती तर निराधार आहे. प्रकाशक खटला भरतील म्हणून ग्रंथालये पुस्तक स्कॅन करायला कचरतात. वास्तविक २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कायदा दिव्यांग व्यक्तींसाठी, नफा न घेता, सुगम प्रत करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत देतो. याच कारणासाठी झालेल्या २०१३ च्या मराकेश कराराला मंजुरी देणारा जगातला पहिला देश भारतच होता. (करारात पहिले आणि ग्रंथालयात शेवटचे, ही आपली जुनीच रीत.)

आणि परीक्षेचा दर्जा? लेखनिक दिला, जादा वेळ दिला की पदवी स्वस्त होते, असे उघड कुणी म्हणत नाही, चहाच्या टेबलावर म्हणतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ होता, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. स्वतः आणलेल्या लेखनिकाची पात्रता उमेदवारापेक्षा एक पायरी खालची असावी, अशी अटही होती. पेपर अर्थशास्त्राचा असेल तर तपासायचे आहे अर्थशास्त्र, हस्ताक्षर नव्हे. उलट दर्जाची खरी काळजी असणाऱ्यांनी त्याच सूचनांतला दुसरा पर्याय उचलून धरावा: विद्यार्थ्याने संगणकावर स्वतः पेपर लिहावा, आणि तो संगणक आदल्या दिवशी तपासून पाहू द्यावा. मग लेखनिकाने काय सुचवले, हा संशयच उरत नाही. मुंबई विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका केंद्रावर ऑनलाइनच येतात आणि तिथे छापल्या जातात. ती फाइल मजकुराची असेल तर तीच स्क्रीन रीडरवर उघडेल, तीच मोठ्या ठशात छापता येईल. स्कॅन असेल तर पुन्हा कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवायचे. म्हणजे परीक्षेतही गाडी येऊन अडते ती फाइलपाशीच.

सोय म्हटली की भव्यच हवी, हा समज सोडायला हवा. उपनगरी स्थानकांत दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर एक साधा बीपर वाजत असतो. अंध प्रवासी त्या आवाजाच्या रोखाने जाऊन उभा राहतो, गाडी आली की दार समोर. त्यासाठी स्टेशन पाडून नवे बांधावे लागले नाही. महाविद्यालयातला बीपर म्हणजे ग्रंथपालाची कंट्रोल-एफ चाचणी. कुठलीही फाइल विद्यार्थ्यांसाठी अपलोड होण्याआधी तिच्यातला एक मराठी शब्द शोधून पाहायचा. सापडला नाही तर फाइल विभागाकडे परत.

त्यापुढचे काम एकट्या महाविद्यालयाने करू नये. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ, कल्याण इथली बहुतेक महाविद्यालये एकाच विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि त्यांचा अभ्यासक्रम बराचसा सारखा. तरी वाशीत तपासून झालेले पुस्तक कल्याणला पुन्हा पहिल्या पानापासून स्कॅन होते. पंचवीस तासांचे काम दहा ठिकाणी झाले तर अडीचशे तास होतात, आणि मग सुगमता महाग आहे असा निष्कर्ष निघतो. डेझी फोरम ऑफ इंडियाचे ‘सुगम्य पुस्तकालय’ हे सुगम पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. तयार प्रत तिथे जमा करावी आणि नवे काम हाती घेण्याआधी तिथे शोधावे. चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक पगारी माणूस नेमला, आणि प्राध्यापकांनी वाचनयादी सत्र सुरू होण्याच्या सहा आठवडे आधी दिली, तर त्याच्या हाताला बेताचे काम उरेल. यादी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आली तर पाच माणसेही पुरणार नाहीत. हे काम एनएसएसच्या तासांवर ढकलू नये; स्वयंसेवक उत्साहाने येतात आणि सबमिशनच्या दिवसांत गायब होतात, नेमके तेव्हाच ज्याला प्रत हवी असते तो अडकलेला असतो.

खरेदीचे अधिकार मात्र प्राचार्य आणि व्यवस्थापनाकडे असतात, आणि तिथली एक ओळ दहा कार्यशाळांचे काम करते. ई-पुस्तके, शिक्षणप्रणाली, प्रवेशाचे पोर्टल, जे काही विकत घ्यायचे त्याच्या मागणीपत्रात आयएस १७८०२ या डिजिटल सुगमतेच्या भारतीय मानकाचे पालन ही अट घालावी आणि बिलाचा शेवटचा हप्ता चाचणी होईपर्यंत रोखून धरावा. पुरवठादाराचे ‘आमचे सगळे सुगम आहे सर’ हे तोंडी प्रमाणपत्र धरू नये. माउस बाजूला काढून, नुसत्या टॅब आणि एंटर कळांनी प्रवेश-अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा. बहुतेक पोर्टले चित्रातल्या कॅप्चापाशी किंवा तारीख निवडायच्या चौकटीपाशी दम तोडतात. ही चाचणी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माजी विद्यार्थ्याकडून करून घ्यावी आणि तिचे मानधन ठरवून, कामाआधी लेखी द्यावे. ‘तेवढाच अनुभव मिळेल’ या बोलीवर त्याला बोलावू नये.